घरासोबत येणारे पाव्हणे

घर विकायला काढलं तेव्हा मला वाटलं होतं की विकायचं हे ठरवणंच काय ते अवघड. एकदा ठरलं की लोक येतील, पाहतील, कोणाला तरी आवडेल. लोक आले आणि पाहूनही गेले. पुन्हा मात्र कोणी आलं नाही.

वडशाहून ऑटोने थोड्या अंतरावर आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात मी मराठी शिकवत असे. नोकरीच्या मध्यावर कधीतरी बोडीच्या, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या छोट्या तळ्याच्या बाजूला जागा मिळाली आणि आम्ही घर बांधलं. नकाशा माझ्या बायकोचा. मी भिंतीत पुस्तकांसाठी एक कपाट मागितलं, ते मिळालं. बाकी सगळं तिच्या मनासारखं झालं. पुढे लांबच लांब बैठक, मध्ये एकही भिंत नाही. झोपायच्या खोल्या दोनच, त्याही लहान. मागचं स्वयंपाकघर एवढं मोठं की मिस्त्री म्हणाला, "बाई, शाळेची खिचडी इथीच शिजवाची हाये काय?" ती म्हणाली, "तुमी भिंत उभी करा जी, खिचडीचं मी पाहीन."

ती गेली त्याला दोन पावसाळे झाले होते. दुखण्यात तिने फारसं काही मागितलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "तुमी पोरीकडे जाजा, इथी एकटे राहू नका. पण घराले कुलूप नका लावजा. कुलूप लावलेलं घर मले पाहवत नाई." मी हो म्हटलं. त्या वेळी हो म्हणायला काही लागत नव्हतं.

मुलगी नागपूरला. तिला दिवस गेले होते, फाल्गुनात बाळ यायचं होतं. तिची सासू कधीच वारली होती, आणि आता आईही नव्हती. "बाबा, तुम्ही तरी या," ती फोनवर म्हणाली तेव्हा आवाज तिच्या आईसारखा वाटला. जायचं तर होतंच. भाड्याने द्यावं तर भाडेकरू मिळेना, कारण आताचे मास्तर वडशाहून मोटरसायकलने येऊन-जाऊन करतात. म्हणजे फाल्गुनाच्या आधी घर विकलं जायला हवं होतं. नाहीतर दाराला कुलूप लावूनच निघावं लागणार होतं.

गावात एक दलाल आहे. धानाचं बी, जुने ट्रॅक्टर, प्लॉट आणि सोयरिकी हे सगळं तो एकाच मोटरसायकलवरून फिरून जमवतो. हिवाळ्यात नाटकांचे दिवस सुरू झाले की तो रंगमंचावरही उभा राहतो, बहुधा इन्स्पेक्टर म्हणून, कारण मिशा त्याच्या स्वतःच्या आहेत. घर पाहून तो म्हणाला, "सर, दिवाळीच्या आत उचलून देतो."

पहिल्यांदा एक राइस मिलवाला आणि त्याची बायको आले. मी त्यांना घर दाखवलं ते वर्गात धडा शिकवावा तसं. पूर्वेची खिडकी, विहिरीचं पाणी, मागचं सीताफळाचं झाड. मग मला ज्याचं सगळ्यात मोल वाटत होतं ते सांगितलं. "इथे अतिशय शांतता आहे. दिवस दिवस कोणी येत नाही. दुपारी बोडीत मासळी उसळली तरी ऐकू येतं." राइस मिलवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने त्या लांब बैठकीकडे पाहिलं. चहा अर्धाच पिऊन ते उठले.

दुसऱ्या वेळी बँकेतला एक कारकून आला, सोबत त्याचे वडील. त्यांना मी सांगितलं, रात्री तर इतकं निवांत असतं की वाचता वाचता कधी झोप लागते कळत नाही. वडिलांनी विचारलं, "शेजारी?" मी म्हणालो, "लांब आहेत, त्रास नाही." ते हात जोडून निघून गेले.

"सर, तुमी बोलू नका," दलाल म्हणाला. "मी बोलतो. तुमी फक्त उभे राहा." पुढच्या वेळी मी पांढरा सदरा घालून कोपऱ्यात हात बांधून उभा राहिलो. त्या लोकांनी चहासुद्धा घेतला नाही.

मग मुलीने व्हिडिओ कॉलवर घर फिरून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, किती सामान आहे! लोकांना तिथे स्वतःला बघता आलं पाहिजे. घर विकणारे तज्ज्ञ असंच सांगतात. फोटो काढा, भांडी हलवा, पांढरा रंग द्या." तज्ज्ञांवर माझा नेहमीच विश्वास. मी पुस्तकं खोक्यांत भरली. बायकोची मोठमोठी गंजं म्हणजे पातेली, पराती, ढवळायचा मोठा सराटा, सगळं माळ्यावर चढवलं. बैठकीच्या कडेला गाद्या आणि वाकळांची जी छतापर्यंत थप्पी असे, तीही वर गेली. फोटो उतरवले, तिचा हार घातलेला सुद्धा. तो मात्र माझ्या उशाशी ठेवला. भिंती पांढऱ्या झाल्या. घर इतकं मोकळं झालं की मी खोकलो तर दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी खोकल्यासारखं वाटे.

त्यानंतर जी बाई घर पाहायला आली तिने दारातच लेकराला कडेवर घेतलं. "सर, इथी काही झालं काय?"

"नाही हो. काय होणार?"

"मंग इतकं सुनं काऊन वाटते?"

"शांत आहे," मी म्हणालो. लेकरू कडेवरून उतरलंच नाही.

दिवाळी गेली. धान कापून झालं, तणशीचे, म्हणजे पेंढ्याचे, ढीग उभे राहिले, आणि रस्त्याने भोंगा लावलेले ऑटो फिरायला लागले. आमच्याकडे हिवाळ्यात गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे दिवसा बाजार आणि रात्री नाटक. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात, पडदा रात्री उघडतो तो पहाटेपर्यंत चालतो. ज्या गावी नाटक असतं त्या गावातल्या एकाही घरात पाय ठेवायला जागा नसते. सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात, त्यांच्या संगतीने त्यांचे शेजारी येतात. कोणाला निमंत्रण नसतं. आणि आलेल्याला तुम्ही कोणाचे, असं घरच्यांनी विचारायचं नसतं, तो मोठा अपमान. पाय धुवायला पाणी द्यायचं, चहा द्यायचा, हाताला काहीतरी काम द्यायचं, जेवायला वाढायचं, मग सगळ्यांनी मिळून नाटकाला जायचं आणि पहाटे येऊन जागा मिळेल तिथे आडवं व्हायचं. आमची ती बिनभिंतीची बैठक त्यासाठीच होती. बायको एखाद्या सेनापतीसारखी तिथे तणस अंथरून घ्यायची, वरून गाद्या, आणि मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत दार लोटून बसायचो.

ती गेली त्या वर्षी दुखवटा होता म्हणून कोणी आलं नव्हतं. यंदाही कोणी येणार नाही हे मी गृहीत धरलं होतं. सगळे पाव्हणे तिच्या माहेरचे. ती नाही तर ते कशाला येतील?

मंडईच्या दिवशी सकाळी दलालाचा फोन आला. "सर, नवीन पार्टी हाये. आपल्या दवाखान्यात बदलून आलेल्या नर्सबाई, त्याहिचा नवरा अन् सासू. संध्याकाळी येतात. मी नाई येत, मले मेकअपले बसा लागते. दार उघडा, घर दाखवा अन् चूप राहा."

मी फरशी पुसली. पडदे सरळ केले. दुपारी फाटकाशी दोन ऑटो थांबले आणि त्यातून माझी मेहुणी उतरली. बायकोची धाकटी बहीण, नागभीडजवळच्या गावात दिलेली. मागून तिचा नवरा, तिच्या जावा, त्यांची पोरं, एक कोणाचा तरी मामा, तांदळाचं पोतं, वांग्यांची टोपली, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांचं गाठोडं आणि पाय बांधलेला एक कोंबडा.

मेहुणी चौकटीत थबकली. पांढऱ्या भिंतींवरून तिची नजर फिरली.

"भाऊजी, हे घर हाये का दवाखाना?"

"विकायला काढलंय. सांगितलं होतं ना फोनवर."

"विकाले काढलं ते मालूम हाये. धुऊन काहाले काढलं? गाद्या कुठी गेल्या? बाईचं गंज कुठी गेलं?" बाई म्हणजे तिची मोठी बहीण, माझी बायको.

"माळ्यावर. लोकांना मोकळं, शांत दिसावं म्हणून."

"अन् तुमी सांगता त्याहिले, इथी लय शांत हाये म्हणून?"

"खरंच आहे ते."

तिने कपाळावर हात मारला. "भाऊजी, इतके पुस्तकं वाचले तुमी! ज्या घरी कोणी येत नाई जात नाई ते घर कोण घेईल? शांतताच पायजे असंल तं ते मसणात फुकट भेटते." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. माझ्याकडे पाहिलं. मला कुठून कोण जाणे, हसू फुटलं. गेल्या दोन वर्षांत इतक्या मोठ्याने मी हसलो नव्हतो. ते पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती ओरडली, "ए पोट्ट्याहो, चढा माळ्यावर!"

अर्ध्या तासात माझी सगळी मेहनत वाया गेली. गाद्या खाली आल्या, गंज खाली आलं, शेजाऱ्याकडून तणशीचे भारे आले, पांढऱ्या भिंतीला कोणीतरी मातीचा हात लावला. कोंबडा सुटला तो माझ्या पुस्तकांच्या खोक्यावर जाऊन बसला. मी दलालाला फोन लावत राहिलो. तो उचलत नव्हता, त्याचा चेहरा एव्हाना रंगत असणार. शेवटी मी ठरवलं, त्या लोकांना वाटेतच गाठायचं आणि उद्या या म्हणून सांगायचं. दवाखान्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी मी जाऊन उभा राहिलो. बाजार उठत होता. ओळखीचे लोक विचारत होते, "सर, पाव्हणे आले काय?" मी हो म्हणत होतो. अंधार पडेपर्यंत थांबलो. नर्सबाईसारखं कोणीच आलं नाही. म्हणजे हीही पार्टी गेली, असं म्हणत मी परत फिरलो.

घरात आणखी दहा-बारा माणसं वाढली होती. कोण कोणाचं, मी विचारलं नाही. पद्धत मलाही माहीत होती. मागच्या दाराच्या पायरीवर, जिथे माझी बायको बसायची, तिथे एक म्हातारी सूप घेऊन पोपटाच्या शेंगा सोलत बसली होती. मेहुणीच्या सासरची असणार असं मला वाटलं. तिने सरकून मला जागा दिली आणि सूप मध्ये ठेवलं. मीही शेंगा सोलायला लागलो.

"तुमी कुठचे जी?" तिने विचारलं.

"इथलाच."

"नाटकाच्या दिवशी सारे इथलेच," ती हसली. "चांगलं घर हाये. पण हे पायरी इतकी रुंद काऊन ठेवली असंल?"

"घरच्या बाईने ठेवली. दोघी-तिघी बसून भाजी निवडतील म्हणून."

"हुशार बाई दिसते. आतमंधी हाये काय?"

"नाही. वारली."

म्हातारीने हातातली शेंग तशीच धरली. आणि मग मीच बोलायला लागलो, जे मी कोणाशी बोललो नव्हतो ते. स्वयंपाकघराची खिडकी तिने मुद्दाम खाली ठेवली, बसून स्वयंपाक करणारीलाही बोडी दिसावी म्हणून. बैठकीत भिंत घालू दिली नाही, त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. मागच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात गळतं आणि तिथे ती दरवर्षी तीच पितळेची घागर ठेवायची. सीताफळं पिकली की पहिलं खारीला जातं, दुसरं आपल्याला. म्हातारी मध्येच विचारत होती. विहीर आटते काय? मे महिन्यात तळ दिसतो, पण आटत नाही. उन्हाळ्यात कुठी झोपतात? गच्चीवर, बोडीकडून वारा येतो. मी एकही गोष्ट लपवली नाही, कारण लपवायचं काही कारण नव्हतं.

आतून वड्यांचा वास येत होता. एक तरुण बाई चुलीपाशी वडे तळत होती आणि मेहुणी तिला सांगत होती, "अवो, असे काय सुया टोचल्यासारखे सोडता? हात मोकळा सोडा!" त्या बाईसकट सगळ्या हसत होत्या. तिच्या नवऱ्याला मेहुणीच्या नवऱ्याने तणस अंथरायला लावलं होतं. जेवणं झाली, वांगे-पोपट आणि भात, आणि दार नुसतंच लोटून सगळे नाटकाला गेले. मीसुद्धा गेलो, म्हातारीला अंधारात हात द्यायला कोणीतरी हवं होतं.

सकाळी उन्हं आली तेव्हा बैठकीत चालायला वाट नव्हती. मी चहाचं आधण ठेवलं. फाटकाशी मोटरसायकल वाजली. दलाल आला, गालांवर अजून रंग, डोळे झोपेने लाल.

"सर, काय केलं तुमी? पार्टीले काय सांगितलं? रात्रीपासून नर्सबाईचा फोन लागून नाई राह्यला!"

"आलेच नाहीत ते."

तेवढ्यात अंगणात कडुलिंबाच्या काडीने दात घासणारी म्हातारी वळली. "अवो माय! हा तं रात्रीचा इन्स्पेक्टर! गोळी लागून मेला होता ना?"

दलालाने तिच्याकडे पाहिलं, मग विहिरीवर तोंड धुणाऱ्या तिच्या सुनेकडे, मग माझ्याकडे. "सर," तो हळूच म्हणाला, "हेच तं पार्टी हाये."

मेहुणी चहाचे कप घेऊन बाहेर आली होती, ती जागीच उभी राहिली. "काय? हे आपले पाव्हणे नोयत?"

"पाव्हणेच हावो जी," म्हातारी म्हणाली. "घर पाहाले आलेले."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगू कधी? बोडीच्या पाळीनं आलो, मागच्या दारी पोचलो तं तुमी पायावर पाणी टाकलं. पोरगा सांगाले गेला तं त्याच्या हाती तणशीचा भारा दिला. सुनेले चुलीसमोर बसवलं. मीच म्हटलं पोराले, चूप राह्य, चहा झाल्यावर सांगू. मंग शेंगा आल्या." ती माझ्याकडे वळली. "अन् हे कोण?"

"घरमालक," दलाल म्हणाला.

म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि खांदे हलेपर्यंत हसली. नर्सबाई तर विहिरीच्या कठड्यालाच टेकली. मेहुणी म्हणत होती, "देवा, सरकारी नर्सबाईले मी वडे शिकवले! तेही रागावून!"

"त्याची गरजच होती," नर्सबाईचा नवरा म्हणाला आणि बायकोच्या हातचं पाणी त्याच्या अंगावर आलं.

दलाल गंभीर झाला, खिशातून टेप काढून म्हणाला, "चला, आता घर पाहून घ्या. ही बैठक..."

"ठेव तो टेप," म्हातारी म्हणाली. "बैठकीत झोपून पाहिलं. चुलीपाशी जेवून पाहिलं. कुठी गळते तेही सरांनी सांगितलं. आमी दोन घरं पाहिले याच्या आधी, कुलूप उघडून दाखवले. जीव घाबरला माहा. आमच्या गावी पन्नास माणसांत राह्यलेली मी, इथी सून दवाखान्यात गेली की भिंतीसंग बोलू काय, म्हणून पोराले म्हणत होती, मी नाई येत." तिने कप खाली ठेवला. "एक सांगा फक्त. हे पाव्हणे घरासंगच येतात, का सर त्याहिले नागपूरले घेऊन जातात?"

मेहुणीने माझ्याकडे पाहिलं, मग पायरीकडे.

"आमी इथीच येऊ जी," ती म्हणाली. "आमाले दुसरं घर मालूम नाई."

किमतीचं बोलणं दलालाने केलं, आणि बरंच लवकर केलं, कारण त्याला संध्याकाळी दुसऱ्या गावी पुन्हा मरायचं होतं.

मी निघालो त्या दिवशी म्हातारी आणि तिची माणसं सकाळीच सामान घेऊन आली होती. चूल पेटली होती. मी पितळेची घागर कोपऱ्यात ठेवली आणि बाहेर पडलो. माझ्या मागे दार उघडंच होतं. वडशाच्या स्टेशनपर्यंत मी मान वळवून मागे पाहिलं नाही, कारण गरजच वाटली नाही.

फाल्गुनात नात झाली. नाक तिच्या आजीचं आहे, असं सगळे म्हणतात. मला अजून तसं दिसत नाही, पण मी हो म्हणतो.

या हिवाळ्यात, गावाकडे भोंग्याचे ऑटो पुन्हा फिरत असतील अशा दिवसांत, मुलगी म्हणाली, "बाबा, जायचं का?" आम्ही नाटकाच्या दिवशी दुपारी पोचलो. भिंती आता पोपटी आहेत आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटात लोणच्याच्या बरण्या. दारात एक बाई होती, मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिने माझ्या पायावर पाणी घातलं, "या जी" म्हणाली, आणि कोणाचे ते विचारलं नाही. नात तिने हातातून घेतली आणि आत नेली, तिथून ती कोणाच्या कडेवरून कोणाच्या कडेवर गेली ते मला कळलं नाही. आतून मेहुणीचा आवाज येत होता, कोणाला तरी वड्यांवरून रागावत होती. मी नेहमीच्या सवयीने मागच्या पायरीवर जाऊन बसलो. कोणीतरी समोर सूप ठेवलं.

"सर," म्हातारी चुलीजवळून ओरडली, "बोलत नका बसू, शेंगा सोला. मागच्या वर्षी अर्ध्या किडक्या निघाल्या होत्या तुमच्या!"